जुने पार्ट, नवं मशीन: चालू होत नाही, डिस्प्ले येत नाही, मधेच बंद पडतं

मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम नवे. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, डिस्क आणि बहुधा ग्राफिक्स कार्ड जुनं. अशी जोडलेली मशीनं माझ्याकडे सतत येतात आणि सोबत ठरलेलं वाक्य येतं: ‘जुन्या मशीनमध्ये तर मस्त चालत होतं.’ ते खरंही असतं. पण त्यावरून एवढंच कळतं की तो पार्ट त्या बोर्डवर, त्या केबलींवर आणि तेवढ्या लोडवर चालत होता. नव्या जोडणीत या तिन्ही गोष्टी बदललेल्या असतात. म्हणून माझा पहिला संशय बहुतेक वेळा जुन्या आणि नव्या पार्टमधल्या सांध्यावर असतो. सुटा पार्ट मेलेला निघतो, पण त्यामानाने कमी वेळा.

आधी लक्षण नीट ओळखा

- बटण दाबलं तरी काहीच होत नाही, पंखाही हलत नाही.
- पंखा जेमतेम फिरतो, थांबतो, कधीकधी पुन्हा पुन्हा तेच.
- पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी.
- बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) उघडतं, पण जुनी डिस्क यादीत नाही किंवा तिच्यावरून बूट होत नाही.
- विंडोज चालतं, गेम किंवा रेंडर सुरू केला की मशीन फटकन बंद किंवा रीस्टार्ट.
- उलट प्रकार: काम करताना ठीक, नुसतं ठेवलं की बंद पडतं किंवा स्लीपमधून उठतच नाही.
- अधूनमधून निळी स्क्रीन, फाइली खराब होणं.

जळका वास, धूर किंवा ठिणगी यांपैकी काहीही झालं असेल तर भिंतीतला प्लग काढा, पुन्हा लावून बघू नका, आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

पुढच्या सगळ्या तपासण्यांत एकच शिस्त पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम हलवली, बायोस अपडेट केलं आणि केबल बदलली, असं एकाच दमात केलंत आणि मशीन चालू झालं, तर दोष कशात होता ते कळणार नाही आणि आठवड्याने तो परत येईल.

सगळ्यात आधी केबली, फुकट आणि पाच मिनिटांत

सोप्यापासून अवघडाकडे जायचं, हा नियम इथेही चालतो, पण ही तपासणी पहिली येण्याचं कारण वेगळं आहे. बाकीच्या चुका वेळ खातात, ही चूक पार्ट खाते.

मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसच्या केबली कॅबिनेटमध्ये ओवलेल्या असतात, टाय मारलेले असतात. नवा एसएमपीएस घेतला की त्या उपसून नव्या ओवायचा कंटाळा येतो. कनेक्टर सारखाच दिसतो, टक् करून बसतोही. पण डिस्क आणि बोर्डच्या बाजूचं टोक ठरलेल्या प्रमाणाचं असलं तरी एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला असं कोणतंही सामाईक प्रमाण नाही. कोणत्या पिनवर १२ व्होल्ट आणि कोणत्यावर ५, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असतो. माझ्या टेबलावर आलेल्या अशाच एका मशीनमधली सगळी मोठी बिघाडं एका साटा पॉवर केबलमुळे (डिस्कला वीज देणारी केबल) झाली होती: जुन्या एसएमपीएसची केबल, नवा एसएमपीएस, आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या लाइनवर १२ व्होल्ट. त्या केबलवर ओळीने लावलेल्या सगळ्या डिस्क एकाच क्षणी गेल्या. हार्ड डिस्कच्या सर्किटवर, पॉवर कनेक्टरजवळ, जादा व्होल्टेज झेलणारे छोटे काळे डायोड असतात. त्यातला एक फुटून त्याखाली तपकिरी डाग पडला होता.

म्हणून: एसएमपीएस बदलला तर त्याच्याबरोबर आलेल्याच केबली. एसएमपीएस जुना ठेवला तर त्याच्याच जुन्या केबली. कोणती केबल कोणाची हे आठवत नसेल तर ती वापरायची नाही. डब्यात सापडलेली सुटी केबल तर नाहीच.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी बघा. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डची आठ पिनांची केबल सारख्या दिसतात, पण त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट्या असतात. पहिली ४+४ अशी सुटते, दुसरी ६+२ अशी. जोर लावावा लागत असेल तर ती चुकीचीच आहे. दुसरं, जुन्या एलईडी पट्ट्या. चार पिनांची १२ व्होल्टची आणि तीन पिनांची ५ व्होल्टची, हे दोन वेगळे प्रकार आहेत. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टवर लावली की जळते. तिसरं, मोलेक्सपासून (जुन्या पद्धतीचा चार पिनांचा कनेक्टर) साटा करणारे अडॅप्टर. त्यातले एकसंध साच्यात ओतलेले प्लास्टिकचे प्रकार आतून शॉर्ट होऊन वितळल्याची उदाहरणं भरपूर आहेत. एसएमपीएसला साटाची टोकं कमी पडत असतील, तर तो एसएमपीएस या मशीनसाठी नाही असं समजा.

काहीच होत नाही, किंवा पंखा हलून थांबतो

एसएमपीएसच्या मागचा स्विच, भिंतीतलं सॉकेट, २४ पिनांची मोठी केबल शेवटपर्यंत बसली आहे का, प्रोसेसरची केबल लावली आहे का. हे लिहिताना मलाच कंटाळा येतो, पण ती प्रोसेसरची केबल विसरलेली मशीनं अजूनही येतात.

मग जुनं कॅबिनेट. पॉवर बटणाची बारीक तार बोर्डच्या फ्रंट पॅनेल पिनांवर जाते. ती काढा आणि पॉवरच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन चालू झालं तर दोष बटणात. रीसेट बटण दाबलेलं अडकून बसलं असेल तर पंखा फिरून थांबण्याचा खेळ चालू राहतो. रीसेटची तार काढून ठेवा, तिच्यावाचून काही अडत नाही. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टमधली धातूची जीभ वाकून शॉर्ट झालेलीही मी पाहिली आहे. म्हणून तपासणीपुरत्या पुढच्या सगळ्याच तारा काढा.

त्यानंतर स्टँडऑफ, म्हणजे बोर्डखालचे पितळी खुंट. जुन्या बोर्डसाठी लावलेला एखादा खुंट नव्या बोर्डला भोक नसलेल्या जागी येतो आणि मागच्या सोल्डरला टेकतो. जुना बोर्ड मोठा आणि नवा छोटा असेल तर ही शक्यता फार. तपासायला बोर्ड उचलावा लागतो, एवढाच त्रास. शॉर्ट असेल तर एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि आपल्याला वाटतं एसएमपीएसच गेला.

सगळं फिरतं, डिस्प्ले नाही

आधी थांबा. खरंच थांबा. डीडीआर५ रॅमचं मशीन पहिल्यांदा चालू होताना रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड आणि रॅमची आपसात जुळवणी) करतं आणि त्यात स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. या वेळात घाईने बटण दाबून बंद करणारे लोक तेच ट्रेनिंग पुन्हा पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावली आहे की बोर्डला? कार्ड असेल तर कार्डला. कार्ड नसेल तर प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स आहे का ते पाहा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो त्यांना नसतं. एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये ते बहुतेक नावात जी असलेल्यांनाच मिळतं. जुनं कार्ड विकून टाकलं आणि नव्या प्रोसेसरला ग्राफिक्सच नाही, असं झालं तर मशीन ठणठणीत असूनही डिस्प्ले कधीच येणार नाही.

बोर्डवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार बारीक दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते बघा. यापेक्षा स्वस्त निदान दुसरं नाही.

डीरॅमचा दिवा: रॅमची एकच काडी ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर एकट्या काडीची जागा तीच असते, तरी बोर्डच्या पुस्तिकेत एकदा पाहा. जुनी डीडीआर४ डीडीआर५च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. बसत नाही म्हणून दाबत बसू नका. जुनी आणि नवी डीडीआर४ एकत्र लावली असेल तर आधी एकीवरच चालवा.

सीपीयूचा दिवा: जुन्या प्रोसेसरला नवा बोर्ड किंवा उलट जोडी असेल तर बोर्डचं बायोस त्या प्रोसेसरला ओळखणारं हवं. बोर्ड निर्मात्याच्या साइटवरच्या प्रोसेसर यादीत, किमान कोणती बायोस आवृत्ती लागते ते दिलेलं असतं. मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असेल तर फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून प्रोसेसरशिवायही अपडेट होतं.

व्हीजीएचा दिवा: इथे जुन्या कार्डाची खास गंमत आहे. साधारण २०१२-१३च्या आधीच्या बऱ्याच कार्डांच्या बायोसमध्ये यूईएफआयसाठी (बायोसची नवी पद्धत) लागणारा भाग नसतो. नव्या बोर्डवर सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीचं बूट, बंद असतं किंवा मिळतच नाही. मग कार्ड चांगलं असूनही विंडोज सुरू होईपर्यंत स्क्रीन काळी राहते, किंवा बोर्ड पुढेच जात नाही. प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर मॉनिटर लावून बायोसमध्ये जा आणि सीएसएमचा पर्याय आहे का बघा. पर्याय नसेल तर ते कार्ड या बोर्डसाठी संपलं. कार्ड उभं लावायला जुनी रायझर केबल वापरली असेल तर तिच्यावरही संशय घ्या: ती तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईची (ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटची जोडणी) आणि कार्ड चौथ्या पिढीचं असलं की कधी डिस्प्ले येत नाही, कधी गेममध्ये स्क्रीन जाते. कार्ड सरळ बोर्डवर लावून बघा. त्याने चाललं तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग तिसऱ्या पिढीवर बांधा, किंवा रायझर बदला.

जुनी डिस्क दिसत नाही, बूट होत नाही

खरं तर हे काम जुनं मशीन उघडण्याआधीचं आहे. विंडोजच्या डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याचं कुलूप जुन्या मशीनच्या टीपीएमशी (बोर्डवरची सुरक्षा चिप) बांधलेलं असतं. नव्या बोर्डवर ती डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागते. पुष्कळांना आपल्या डिस्कवर एन्क्रिप्शन आहे हेच माहीत नसतं. की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. जुनं मशीन अजून चालू असेल तर आत्ताच ती लिहून घ्या आणि एन्क्रिप्शन काढून टाका किंवा थांबवा. आणि बॅकअप. की हरवली तर ती डिस्क कोणीही उघडून देऊ शकत नाही.

डिस्क बायोसमध्ये दिसते पण बूट होत नाही: ती एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी) पद्धतीची असेल आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय चालवत असेल. विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआरटूजीपीटी हे साधन विंडोजमध्येच आहे, त्याने डेटा न पुसता बदल होतो. तरी बॅकअपशिवाय चालवू नका. माझं स्पष्ट मत विचाराल तर जुनं विंडोज नव्या बोर्डवर ओढण्यापेक्षा नवं टाका. जुन्या ड्रायव्हरांचे अवशेष पुढे जे त्रास देतात ते शोधण्यात जास्त वेळ जातो.

बायोसमध्येच दिसत नाही: एम.२ आकाराच्या (बोर्डवरच बसणाऱ्या छोट्या पट्टीसारख्या) काही जुन्या डिस्क आतून साटाच्या असतात, आणि नव्या बोर्डचे बरेच एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई (साटाहून वेगवान पद्धत) घेतात. डिस्क नीट बसते, स्क्रूही लागतो, पण दिसत नाही. शिवाय अनेक बोर्डांवर विशिष्ट एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. पुस्तिकेत तक्ता असतो. साटा केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघणं त्याहून सोपं.

डिस्क दिसली की क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तिची तब्येत पाहा. ०५, सी५, सी६ या (खराब सेक्टरांच्या) ओळींच्या कच्च्या आकड्यांत शून्याहून जास्त काही असेल तर त्या हार्ड डिस्कवर महत्त्वाचं काही ठेवू नका, आणि आकडा वाढत असेल तर आजच डेटा काढा. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा. केबल बदलली की आकडा कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

लोड आला की बंद, किंवा निवांत असताना बंद

लोडवर बंद पडतं तेव्हा आधी तापमान पाहा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून लोड द्या. जुना कूलर नव्या सॉकेटवर नीट दाबून बसलेला नसतो, हे वारंवार दिसतं. इंटेलच्या एलजीए११५x आणि एलजीए१२०० सॉकेटांत भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, एलजीए१७००ला ते ७८ झालं. जुनी पट्टी ओढूनताणून बसवली की एक कोपरा अधांतरी राहतो. एएम४चा कूलर एएम५वर तेव्हाच बसतो जेव्हा तो बोर्डची मूळ मागची प्लेट वापरतो. स्वतःची प्लेट घेऊन येणारा बसत नाही, कारण एएम५ची प्लेट निघत नाही. थर्मल पेस्ट प्रत्येक वेळी पुसून नवी. जुना लिक्विड कूलर असेल आणि पंपातून खरखर येत असेल, किंवा एक नळी गरम आणि दुसरी थंड लागत असेल, तर त्याला नव्या मशीनमध्ये आणूच नका.

तापमान ठीक असेल तर एसएमपीएस. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसतं आणि लोक ते निदान समजतात. त्याचा अर्थ इतकाच की मशीन व्यवस्थित बंद न होता बंद पडलं. का, ते त्यात नसतं.

एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात ६०० वॅट लिहिलेलं असेल, पण १२ व्होल्टच्या रकान्यात २८ अँपिअर असतील तर १२ गुणिले २८ म्हणजे ३३६ वॅटच प्रोसेसर आणि कार्डाला मिळतात. उरलेला आकडा ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींचा, ज्यांचा आजच्या मशीनला फार उपयोग नाही. १२ व्होल्टचे दोन-तीन रकाने असतील तर त्यांची बेरीज करू नका, खाली एकत्रित मर्यादा वेगळी छापलेली असते. आता कार्डाचा हिशोब: स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, सहा पिनांतून ७५, आठ पिनांतून १५०. शिवाय नवी कार्डं क्षणभरासाठी स्वतःच्या नेमलेल्या वॅटपेक्षा बरंच जास्त खेचतात, आणि जुन्या एसएमपीएसचं संरक्षण त्या झटक्याला बंद पडतं. म्हणून सरासरी वापर मर्यादेत दिसूनही मशीन फटकन जातं. नव्या १६ पिनांच्या कार्डाला जुन्या एसएमपीएसवर अडॅप्टर जोडून चालवायचा मोह टाळा.

निवांत असताना बंद पडण्याचं कारण वेगळं आहे. २०१३मध्ये आलेल्या इंटेलच्या चौथ्या पिढीपासून प्रोसेसर रिकामे असताना अगदी नगण्य करंट घेतात. त्याआधीच्या आराखड्याचे काही एसएमपीएस इतक्या कमी लोडवर व्होल्टेज सांभाळू शकत नाहीत. बायोसमध्ये सी६/सी७ स्टेट (प्रोसेसरची गाढ झोप) बंद करून बघा. रायझनच्या बोर्डवर पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल हा पर्याय टिपिकल करंट आयडलवर ठेवा. त्याने बरं वाटलं तर निदान झालं, एसएमपीएस बदला.

मल्टिमीटर असेल तर मोलेक्सच्या टोकावर मशीन लोडवर असताना मोजा: पिवळी तार ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. याबाहेर गेलं तर बाद. आत असलं तरी निर्दोष असं मानू नका, क्षणिक घसरण साध्या मीटरला दिसत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस, त्याच्याच केबलींसह, तात्पुरता लावून बघणं.

निळी स्क्रीन आणि खराब फाइली

एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जाहिरातीतल्या वेगावर चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करा. जुन्या-नव्या काड्यांची मिसळ वेगळ्या चिपांमुळे जाहिरातीतल्या वेगावर टिकेलच असं नाही. मग मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं साधन पेनड्राइव्हवरून रात्रभर. एकही चूक चालत नाही. ‘एवढी एकच आली’ हे वाक्य रॅमच्या बाबतीत निरर्थक आहे. चूक आली तर एकेक काडी वेगळी तपासा.

इतकं करूनही काही नाही तर बोर्ड बाहेर

बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, अँटिस्टॅटिक पिशवीवर नको. फक्त प्रोसेसर, कूलर, एक काडी, एसएमपीएस. इथे चाललं तर एकेक जुना पार्ट परत जोडत जा. ज्याच्यावर अडलं तो दोषी. इथेही चाललं नाही तर प्रोसेसर काढून सॉकेटकडे तिरप्या उजेडात पाहा. पिनांच्या ओळींत एखादी जागा वेगळी चमकत असेल तर पिन वाकली आहे.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त दाब उरू शकतो. आतला पंखा बदलणं, धूळ काढणं, काहीही कारण असो. वास आला, चट्चट् आवाज आला, तर तो फेकायचा.

सॉकेटच्या पिना वाकल्या असतील तर सुईने सरळ करत बसू नका. त्या तुटल्या की बोर्ड गेला. भिंगाखाली काम करणाऱ्या बोर्ड दुरुस्तीवाल्याकडे द्या. वॉरंटी असेल तर आधी तिकडे विचारा, मात्र वाकलेली पिन वॉरंटीत सहसा बसत नाही.

कार्डाचा किंवा एसएमपीएसचा कनेक्टर वितळला असेल तर दुसरी केबल लावून चालवून बघणं बंद. दोन्ही टोकं आणि अडॅप्टर जसेच्या तसे ठेवून तंत्रज्ञाला दाखवा.

लिक्विड कूलर गळला असेल तर प्लग काढा, पुसून लगेच चालू करू नका.

डिस्क टकटक आवाज करत असेल, किंवा चुकीच्या केबलने जळली असेल आणि डेटा हवा असेल, तर ती परत पॉवरवर लावू नका, उघडूही नका. तसल्याच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बसवून बघू, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. आजच्या बहुतेक डिस्कमध्ये सर्किटवरच्या चिपमध्ये त्या डिस्कपुरती जुळणी साठवलेली असते, ती हलवल्याशिवाय नुसती अदलाबदल चालत नाही. हे काम डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचं. त्यांना एसएमपीएस कोणता, केबल कोणती आणि नेमकं काय झालं ते खरं सांगा. डायोड उडाला आहे की आतला हेड अडकला आहे, यावर त्यांची पहिली कृती ठरते.